गरोदरपणात धावायचं का? आधी तुमच्या १०.४ बद्दल बोलू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वय ३१, राहायला ठाण्यात, चार वर्षांपासून आठवड्याला २५-३० किलोमीटर धावणं, दोन हाफ मॅरेथॉन झालेल्या. पहिलंच बाळंतपण, आता तेरावा आठवडा, सोनोग्राफी व्यवस्थित. डॉक्टर म्हणाल्या, "चालत राहा, बाकी काही नको." सासूबाईंना भीती वाटते की बाळाला हिसके बसतील. ग्रुपमधली मैत्रीण म्हणते की ती नवव्या महिन्यापर्यंत धावली, फक्त हृदयाचे ठोके १४०च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या दहा किलोमीटरला नाव नोंदवलंय, तेव्हा सत्ताविसावा आठवडा असेल. तर धावायचं का, आणि कितव्या महिन्यापर्यंत? आणि अगदी शेवटी, कंसात एक ओळ: हिमोग्लोबिन १०.४ आलंय, गोळ्या सुरू केल्यात.

मी पुण्यात अठरा वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, त्यातली बरीचशी गरोदर आणि बाळंतीण बायकांबरोबर. माझ्याकडे धावणाऱ्या मुली येतात तेव्हा जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न "किती महिन्यांपर्यंत" असाच असतो. महिना मी सांगू शकत नाही, कारण तो कुणाचाच ठरलेला नसतो. कुणी सोळाव्या आठवड्यात थांबते, कुणी चौतिसाव्यापर्यंत हळूहळू धावते, आणि दोघींचंही बरोबर असू शकतं. सांगता येतं ते हे की कोणती खूण दिसली की थांबायचं. तुमच्या बाबतीत पहिली खूण त्या कंसातच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पहिल्या तिमाहीत हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरतात. १०.४ म्हणजे सौम्य रक्तक्षय. घाबरण्याचं कारण नाही, आपल्याकडे हे फार सर्रास दिसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. पण इतकं सर्रास आहे म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतं. आता पुढे काय होणार ते बघा. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, पण त्यातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, जवळजवळ निम्म्याने वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. रक्त जरा पातळ होतं आणि हिमोग्लोबिनचा आकडा आपोआप खाली येतो. हा उतार साधारण सातव्या महिन्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतो. म्हणजे तुम्ही आत्ताच १०.४ वर आहात आणि शर्यत आहे नेमकी त्या उताराच्या तळाशी. धावताना स्नायू जास्त प्राणवायू मागतात, वार (प्लासेंटा) आणि बाळ आपला वाटा मागतात, आणि तो पोचवणारं हिमोग्लोबिन कमी. अशा वेळी शरीर हृदयाची गती वाढवून वेळ मारून नेतं. तुम्ही लिहिलंय की "नेहमीच्या वेगाला दम लागतोय, पण ते गरोदरपणाचंच असेल." थोडं तसं असेलही, कारण या दिवसांत श्वासाची पद्धत बदलते. पण १०.४ चा रिपोर्ट हातात असताना सगळं त्यावर ढकलू नका.

गोळ्या चालू केल्यात हे छान. त्या चहाबरोबर घेऊ नका, चहाच्या आगेमागे निदान तासभर सोडा. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एका वेळी नको, एक सकाळी आणि एक रात्री असं करा. जेवणात लिंबू किंवा आवळा असू द्या. महिन्याभराने रक्त परत तपासा. आकडा हलला नसेल तर डॉक्टर पुढचं बघतील, कधी गोळी बदलतात, कधी शिरेतून लोह देतात, कधी थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष, आहे का ते तपासून घेतात. तोवर धावणं बंद करा असं मी म्हणणार नाही. पण जिना चढताना धाप लागत असेल, बसल्याबसल्या छातीत धडधडत असेल, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर हे चार आठवडे फक्त चालायचं. यातलं काही होत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस, तीसेक मिनिटं, धावणं आणि चालणं आलटून पालटून.

आता सासूबाईंच्या हिसक्यांकडे येते, कारण ही भीती खरी असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय कटीच्या हाडांच्या आतच असतं. त्यानंतर ते वर यायला लागतं, पण तेव्हाही बाळाभोवती जाड स्नायूची भिंत आणि आत पाणी असतं. धावण्याच्या धक्क्याने बाळ आपटत नाही. सुरुवातीचे गर्भपात होतात त्यांतल्या निम्म्याहून जास्त वेळा कारण गुणसूत्रांतला दोष असतं आणि आईने काय केलं, काय केलं नाही याचा त्याच्याशी संबंध नसतो.

हे मी मुद्दाम ठासून लिहितेय. माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिचा आठव्या आठवड्यात गर्भपात झाला होता. आदल्या संध्याकाळी ती पाच किलोमीटर धावली होती. घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, पण सगळ्यांनी तेच धरलं आणि तिनेही तेच धरलं. तिचे बूट दोन वर्षं माळ्यावर होते. तपासणीत गुणसूत्रांचा दोष निघाला होता, तो कागद तिच्या फाइलमध्येच होता, पण तो तिला कुणी बसून समजावून सांगितला नव्हता. त्या दिवशी आम्ही व्यायामाला हात लावला नाही, फक्त तो कागद ओळीओळीने वाचला.

मैत्रिणीच्या १४० च्या आकड्याचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ साली तो आकडा दिला होता. तेव्हा हातात माहिती थोडी होती म्हणून त्यांनी सावध मर्यादा घातली. १९९४ साली त्यांनीच ती काढून टाकली. आज त्यांचा सल्ला असा आहे की सगळं सुरळीत असेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, आणि आधीपासून जोरदार व्यायाम करणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून तो चालू ठेवायला हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही २०२० पासून गरोदर बायकांसाठी १५० मिनिटंच सांगते. पण तीस वर्षांपूर्वी मागे घेतलेला तो आकडा ग्रुपमध्ये अजून फिरतोय. गरोदरपणात बसल्याजागीच ठोके दहा-वीसने वाढलेले असतात, त्यात तुमचा रक्तक्षय. त्यामुळे घड्याळाकडे बघून तुम्हाला खरं काही कळणार नाही. त्यापेक्षा बोलून बघा. धावता धावता आईला फोनवर एखाद्या भाजीची कृती न थांबता सांगता आली तर वेग बरोबर आहे. दोन-दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. त्यानेही सुधारलं नाही तर चाला.

आणखी एक वाक्य तुमच्याही कानावर आलं असेल: "आमच्या आज्या नवव्या महिन्यापर्यंत शेतात राबल्या, त्यांना काय झालं?" धावणाऱ्या मुली हे वाक्य आपल्या बाजूने वापरतात, पण मला ते मान्य नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा मोठा अभ्यास केला. त्या आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. शेतातलं, पाणी वाहण्याचं, घरातलं काम ज्यांना जास्त होतं त्यांची बाळं वजनाला कमी भरली. म्हणजे राबण्याचं काही ना काही होत होतं, ते कुणी मोजत नव्हतं. कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. व्यायाम आपण हवा तेव्हा थांबवू शकतो, त्याआधी खातो, नंतर आडवे होतो. भातलावणी करणाऱ्या बाईला यातलं काहीच शक्य नसतं. हे तुम्हाला सांगण्याचं कारण असं की शहरातही हा फरक पुसला जातो. पहाटे साडेपाचला उपाशी धावायचं, मग डबे, मग लोकलमध्ये उभ्याने प्रवास, मग नऊ तास ऑफिस. असा दिवस असेल तर तुमचं धावणंही कष्टाच्या बाजूला सरकतं. धावायचं असेल त्या दिवशी दुसरं काहीतरी कमी करायलाच हवं. निघण्याआधी एखादं केळं किंवा दोन-तीन खजूर, परत आल्यावर तासाभरात नीट नाश्ता. या काळात दिवसाला साधारण ३५० उष्मांक जास्त लागतात, धावण्यात खर्च होतात ते त्याखेरीज. वजन महिन्यागणिक वाढत नसेल तर किलोमीटर कमी करायचे, हा माझा नियम आहे.

ठाण्याचं म्हणाल तर दोन गोष्टींची मला खरी काळजी वाटते: उकाडा आणि पेव्हर ब्लॉक. शरीराचं आतलं तापमान ३९ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं, विशेषतः पहिल्या तिमाहीत. तुमची ती संपत आली आहे, तरी ऑक्टोबरच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. सकाळी सातच्या आत घरी परत. पाण्याची बाटली बरोबर. ज्या दिवशी उभ्या उभ्याच घाम फुटतोय त्या दिवशी धावणं रद्द, घरात पंख्याखाली ताकदीचे व्यायाम. दुसरी गोष्ट पडण्याची. पोट पुढे येतं तसा शरीराचा तोल बदलतो, सांधे सैल होतात, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर पावलाखालचं नीट दिसत नाही. येऊरचा चढ तुम्हाला आवडतो असं लिहिलंय. चढ एक वेळ चालेल, पण उतारावर धावू नका. उतारावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आणि कटीवर जास्त भार येतो आणि घसरण्याची भीती वेगळीच. त्यापेक्षा उपवन तलावाची सपाट फेरी बरी. पोटावर पडलात, अगदी हलकं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाळ ठीक दिसत असलं तरी वारेची तपासणी लागते.

बूटही बघा. पावलं पसरतात, बऱ्याच जणींना अर्धा ते एक नंबर मोठा लागतो आणि जुन्याच बुटांत नख काळं पडेपर्यंत ते लक्षात येत नाही.

आता माझ्या खास कामाचा भाग. धावणं थांबवायची वेळ बहुतेकींना हृदय किंवा बाळ सांगत नाही, ओटीपोटाचा तळ सांगतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदद्वार यांना खालून झोळीसारखं उचलून धरणारे स्नायू असतात. धावताना प्रत्येक पावलाला त्या झोळीवर वरून दाब येतो, आणि गर्भाशय जड होत जातं तसा तो वाढतो. धावताना थेंब-दोन थेंब लघवी गळणं, खाली जड वाटणं, काहीतरी उतरतंय असं वाटणं, या खुणा आहेत. एक मुलगी बाविसाव्या आठवड्यापासून पॅड लावून, काळी लेगिंग घालून धावत होती, कारण तिला वाटलं होतं की गरोदरपणात हे होतंच. सर्रास होतं हे खरं, पण म्हणून ते रेटायचं नसतं. आम्ही तिचं धावणं चार आठवडे थांबवलं, श्वासाबरोबर ते स्नायू वर खेचणं आणि, त्याहून महत्त्वाचं, पूर्ण सैल सोडणं शिकवलं. धावणाऱ्यांना आवळणं लगेच जमतं, सैल सोडणं जमत नाही, आणि बाळंतपणात सोडणंच लागतं. नंतर ती परत धावली, पण थोडी.

दुसरी खूण जांघेच्या मधल्या हाडात किंवा कंबरेखाली दुखण्याची. ती ओळखायची एक सोपी रीत सांगते. एका पायावर उभं राहून लेगिंग चढवताना, किंवा रात्री कूस बदलताना तिथे कळ येते का? येत असेल तर दुसऱ्या दिवशी धावू नका. धावणं हा शेवटी एका पायावरून दुसऱ्या पायावर उडी मारण्याचाच प्रकार आहे. बसून कपडे घाला, पायऱ्या एकेक करून चढा आणि कुणा फिजिओथेरपिस्टला दाखवा. कटीचा पट्टा आणि नितंबांचे व्यायाम यांनी बऱ्याच जणींना आराम पडतो.

काही वेळा मात्र तोलूनमापून बघायचं नसतं, तिथल्या तिथे थांबून डॉक्टरांना फोन करायचा असतो. अंगावरून लाल जाणं, पाणी जाणं, नियमित कळा, छातीत दुखणं, चक्कर, धावायला सुरुवात करण्याआधीच लागलेली धाप, न थांबणारी डोकेदुखी, एकाच पोटरीला सूज किंवा दुखणं, आणि पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल कमी वाटणं. आणि काहींनी या गरोदरपणात धावायचंच नसतं: अठ्ठावीस आठवड्यांनंतरही वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, गर्भाशयाचं तोंड कमकुवत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, बाळाची वाढ कमी असेल, तिळं असेल. जुळं असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांना विचारल्याखेरीज नाही.

म्हणजे तुमचं आत्ताचं गणित असं: बाळाला हिसक्यांचा धोका नाही, १४० विसरा, बोलण्याच्या वेगाने धावा, सपाटीवर, तीन दिवस, आणि पुढचा महिना सगळं लक्ष हिमोग्लोबिनवर. उरलेल्या दिवसांत दोनदा ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून उठबस, टाचा उचलणं, भिंतीला टेकून दंड. विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर सरळ झोपून करायचे व्यायाम फार वेळ नकोत, गर्भाशयाखाली मोठी शीर दाबली जाते आणि कसंतरी होतं. पोहता येत असेल तर पुढच्या महिन्यांत त्याच्यासारखं सुख नाही.

धावणं आणि चालणं आलटून पालटून कसं करायचं, तर मला आवडलेली रीत एका बँकेत काम करणाऱ्या मुलीची. ती पुण्यातल्या तळजाई टेकडीवर धावायची. सहाव्या महिन्यात तिने घड्याळ घरी ठेवलं आणि विजेच्या खांबांवर हिशेब सुरू केला. दोन खांब धावायचं, एक चालायचं. सातव्यात एक धावायचं, एक चालायचं. आठव्यात एक धावायचं आणि तीन चालायचं. एका सकाळी ती नेहमीच्या खांबाशी पोचली आणि तिला वाटलं, आज नको. मग तिने बाळंतपणापर्यंत धावणं केलं नाही, रोज चालली. मला येऊन म्हणाली, "ताई, वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं." महिना तिला विचारला असता तर तिलाही सांगता आला नसता.

शर्यतीचं मी स्पष्ट सांगते: आज हो म्हणू नका, नाही म्हणू नका. डिसेंबरच्या मध्यावर ठरवा, तोवर दुसरा रिपोर्ट आणि विसाव्या आठवड्याच्या आसपासचा ॲनॉमली स्कॅन (बाळाचे अवयव बारकाईने बघणारी सोनोग्राफी) दोन्ही हातात असतील. हिमोग्लोबिन ११च्या पुढे, वार जागच्या जागी, ओटीपोटाच्या तळाची किंवा हाडातल्या दुखण्याची एकही खूण नाही, आणि रोजच्या सरावात सात-आठ किलोमीटर धावत-चालत सहज होतंय, तर जा. पण वेळ मोजायची नाही, मागच्या रांगेत उभं राहायचं, आणि मन झालं की बाहेर पडायचं. सत्ताविसाव्या आठवड्यात मला दहा किलोमीटरपेक्षा सीएसएमटीसमोरच्या गर्दीतली ढकलाढकल आणि स्वच्छतागृहाच्या रांगा यांचीच जास्त काळजी वाटते. नवऱ्याला किंवा मैत्रिणीला बरोबर धावायला सांगा.

डॉक्टरांशी परत एकदा बोला, आणि प्रश्न बदलून विचारा. साठ बायका बाहेर बसलेल्या असताना "धावू का" विचारलं तर उत्तर "नको" असंच येणार, त्यात त्यांची चूक नाही. त्यांना तुमची चार वर्षं माहीत नाहीत. चिठ्ठीवर लिहून न्या: मी आठवड्याला इतकी धावत होते, आता इतकंच करायचा विचार आहे, वार, गर्भाशयाचं तोंड, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांतलं काही माझ्या आड येतंय का? अशा प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. त्या तरीही नको म्हणाल्या तर कारण विचारा. कारण असेल तर ते माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा मोठं धरा, तुम्हाला तपासलंय त्यांनी, मी नाही. आणि त्या दिवशी सासूबाईंना बरोबर घेऊन जा. त्यांना वाद घालून पटणार नाही, पण डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, बाळाचे ठोके ऐकले, की पुष्कळ फरक पडतो. माझ्याकडे एका सासूबाईंनी सुनेबरोबर चालायला सुरुवात केली ती अजून चालू आहे.

बाळंतपणानंतरचं सविस्तर तेव्हा लिहीन. आत्ता इतकंच, की परत धावायला किमान तीन महिने लागतात हे आधीपासून मनात धरून ठेवा. ब्रिटनची मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफ हिने जानेवारी २००७ मध्ये मुलीला जन्म दिला आणि नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मधल्या काळात घाईने सराव सुरू केल्यामुळे तिच्या कंबरेखालच्या हाडाला बारीक तडा गेला होता, ते फार कुणाला माहीत नसतं.

महिन्याभराने रक्ताचा रिपोर्ट आला की इथेच आकडा लिहा, आणि ॲनॉमली स्कॅनमध्ये वार कुठे आहे तेही. त्यावरून पुढच्या आठ आठवड्यांचं आपण नीट ठरवू.